बॉयकॉट : कुणी कुणावर टाकायचा?

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या अभ्यासवर्गापुढं केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



आज मी एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. घाबरू नका, व्याकरण शिकवणार नाही. शब्द तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. फोन उघडला की रोज कुणी ना कुणी कशावर तरी तो टाकलेला असतो. या सिनेमावर बॉयकॉट, त्या साबणावर बॉयकॉट, अमक्या देशाच्या मालावर बॉयकॉट. एसी लावून सोफ्यावर बसायचं, अंगठा दाबायचा, झाला बॉयकॉट. आणि तिकडं एखाद्या गावात बौद्धवाड्यातल्या बाईला पिठाची गिरणीवाला सांगतो, ‘तुझं दळण आजपासून दळायचं नाही, गावानं ठरवलंय’. त्यालाही बॉयकॉटच म्हणतात. पेपरात दोन्ही बातम्यांना मथळ्यात शब्द एकच. मला हा शब्द म्हणूनच उघडून बघावासा वाटला. आत काय आहे? तो कुणाच्या तोंडून निघाला? कुणाच्या विरुद्ध निघाला?

तर हा शब्द म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे. क्रिकेटवाला जेफ्री बॉयकॉट नव्हे. तो वेगळा. १९६७ साली लीड्सला त्यानं आपल्या भारताविरुद्ध नाबाद २४६ धावा काढल्या, आणि इतक्या रेंगाळत काढल्या की त्याच्याच निवड समितीनं पुढच्या टेस्टला त्याला बाहेर बसवलं. म्हणजे बॉयकॉटवरच बॉयकॉट. ते सोडा.

आपला बॉयकॉट म्हणजे चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. इंग्लंडात नॉरफक परगण्यात १८३२ साली जन्मला. बाप पाद्री. हा काही वर्षं इंग्रज फौजेत होता, मग फौज सोडली, पण लोक कॅप्टन म्हणत राहिले आणि त्यालाही ते गोड वाटत राहिलं. नंतर आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो नावाच्या परगण्यात, लॉर्ड अर्न नावाच्या बड्या जमीनदाराचा तो कारभारी झाला. लॉख मास्क नावाच्या तळ्याकाठी त्याचा बंगला. काम काय? कुळांकडून खंड वसूल करायचा. नाही दिला की नोटीस. नोटिशीनंही हलले नाहीत की घरातून, शेतातून बेदखल. आपल्याकडच्या देशमुखाचा दिवाणजी डोळ्यापुढं आणा, फक्त कातडी गोरी करा आणि डोक्यावर हॅट घाला.

आयर्लंड हा देश आपण नीट ओळखून घेतला पाहिजे. गोऱ्यांनी गोऱ्यांना गुलाम केलेला देश. जमीन इंग्रजधार्जिण्या जमीनदारांच्या नावावर, कसणारा गरीब कॅथलिक आयरिश. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं पोट बटाट्यावरच. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून जहाजात बसली. आणि त्या काळातही आयर्लंडातून धान्य, गुरं इंग्लंडला जातच होती. दुष्काळ पावसानं पडतो की मालकीनं पडतो, हा प्रश्न मराठवाड्यातल्या १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली त्यांना विचारा.

तिथं १८७९ च्या २१ ऑक्टोबरला ‘लँड लीग’ उभी राहिली. मायकेल डेव्हिट हा तिचा खरा बांधणारा. लहानपणी कुटुंब बेदखल झालं, इंग्लंडात गिरणीत काम करताना यंत्रात सापडून हात गेला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. अध्यक्ष झाला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, स्वतः जमीनदार आणि प्रोटेस्टंट. चळवळीत असं होतं कधी कधी. हात गमावलेला बांधतो आणि अध्यक्ष वाड्यातला असतो. पण पार्नेल बोलायचा जबर, हे मान्य केलं पाहिजे.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावात त्याची सभा होती. त्यानं लोकांना विचारलं, शेजाऱ्याला बेदखल करून रिकाम्या केलेल्या जमिनीवर जो दुसरा कूळ बोली लावतो, त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून ख्रिस्ती धर्माला शोभणारा मार्ग मी सांगतो, म्हणजे त्या चुकलेल्याला सुधारायची संधीही मिळेल. रस्त्यात भेटला तर तोंड फिरवा. दुकानात, बाजारात, जत्रेत त्याच्याशी बोलू नका. चर्चमध्येसुद्धा त्याला एकटा पाडा. पूर्वी महारोग्याला जसं लांब ठेवत, तसं त्याला ठेवा.

इथं मी जरा थांबतो. तुम्हीही थांबा.

दोन गोष्टी या भाषणात आहेत, आणि आयर्लंडच्या चळवळीवर प्रेम करणारे त्या पटकन गिळून टाकतात. एक, पार्नेलनं हे हत्यार प्रथम दाखवलं ते जमीनदारावर नाही, एका गरीब कुळावर. फितूर असेल, पण कूळच. दोन, उपमा कुणाची दिली? महारोग्याची. म्हणजे गुलामांनी मालकाविरुद्ध हत्यार शोधलं, तर त्याचा नमुना सापडला कुठं? आपल्याच समाजानं आधीपासून बाहेर टाकलेल्या माणसात. क्रांतिकारकाच्या तोंडात उपमा आली ती अस्पृश्याची. ही उपमा सुचताना त्याला काही टोचलं नसेल. मला टोचते. कारण त्या उपमेतला माणूस मी आहे. गावकुसाबाहेर ज्याला ठेवला, त्याच्याकडं बघून जगानं ठरवलं की शिक्षा कशी असावी.

बरं, पुढं. त्या सभेनंतर तीनच दिवसांनी बॉयकॉटच्या कुळांवर नोटिसा बजवायला बेलीफ निघाला. पीक बुडालं होतं म्हणून कुळं खंडात पंचवीस टक्के सूट मागत होती, लॉर्डसाहेब दहा टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हते. बेलीफ वस्तीत शिरला आणि बायका बाहेर आल्या. नीट ऐका, बायका. चिखल, शेण, दगड, जे हाताला लागलं ते. बेलीफ बंगल्याकडं पळाला. मग वस्तीतले लोक बंगल्यावर गेले आणि नोकरांना, मजुरांना म्हणाले, चला, बाहेर या. सगळे बाहेर आले. लोहार घोड्याला नाल मारेना. धोबीण कपडे धुईना. जवळच्या बॅलिनरोब गावातले दुकानदार माल देईनात. टपाल आणणाऱ्या पोराला धमक्या आल्या. शेतात पीक उभं, कापणारा कुणी नाही. कॅप्टन, त्याची बायको आणि घरातली चार माणसं स्वतः गुरांना चारा घालताहेत, दूध काढताहेत. साहेबाच्या हाताला शेण लागलं.

त्यानं काय करावं? पेपरात पत्र लिहिलं. लंडनच्या टाइम्समध्ये १८ ऑक्टोबरला ते छापून आलं. मग उत्तरेकडचे जमीनदारधार्जिणे प्रोटेस्टंट, ऑरेंजवाले म्हणतात त्यांना, त्यातले ५० जण पीक काढायला आले. आणि त्या ५० जणांच्या रक्षणाला हजारभर सैनिक आणि पोलीस! सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला जवळजवळ १०,००० पौंड खर्च झाला. बटाटे आणि सलगम काढायला संगिनी. पार्नेलनं चेष्टा केली की एकेका सलगमाला सरकारला एक शिलिंग पडला. सरकार कुणाचं असतं हे समजायला मोठे ग्रंथ लागत नाहीत, एवढा एक हिशेब पुरे.

कॅप्टन नोव्हेंबरअखेर बंगला सोडून निघाला. डब्लिनच्या हॉटेलात उतरला तर हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र, साहेबाला तिथूनही हलावं लागलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला तेव्हा प्रवासात नाव सांगितलं ‘चार्ल्स कनिंगहॅम’. आडनाव गिळलं.

हसू आलं ना? मलाही आलं. मग लगेच गेलं. कारण आडनाव गिळणं काय असतं ते या खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. भाड्याची खोली बघायला गेलं की ‘पूर्ण नाव काय’ विचारतात. पूर्ण नाव म्हणजे आडनाव. ऑफिसात नवीन लागलं की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी गोड आवाजात विचारतं, ‘तुमचं मूळ गाव कुठलं हो?’ मूळ गाव म्हणजे गावातली कुठली आळी. बॉयकॉटनं आडनाव काही आठवडे लपवलं, कारण त्यानं काहीतरी केलं होतं. आपण तीन पिढ्या लपवतो, काही न करता. आणि तो परत गेला बरं का त्याच बंगल्यात! १८८१ मध्येच परतला आणि पुढं काही वर्षं तिथं राहिला. १८९७ साली इंग्लंडात आपल्या अंथरुणात मेला. त्याच्यावरचा बॉयकॉट उठला. आपल्यावरचा कधी उठतो त्याची तारीख कुठल्या पंचांगात आहे?

आता शब्दाची गंमत. ही हकिकत जेम्स रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकारानं सांगितली आहे. तो त्या भागातल्या फादर जॉन ओमॅली नावाच्या पाद्र्याकडं जेवायला बसला होता. पाद्री चळवळीतला. रेडपाथला एक अडचण होती. या कृतीला नाव काय द्यायचं? इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइझ’ म्हणून शब्द आहे, पण शेतकऱ्याला तो कळायचा नाही. पाद्रीबाबा थोडा विचार करून म्हणाले, मग ‘बॉयकॉट करा’ असं म्हणू की. झालं. नोव्हेंबर संपायच्या आत तो शब्द लंडनच्या टाइम्समध्ये होता. आधी आडनाव म्हणून पहिलं अक्षर मोठं, मग ते अक्षरही लहान झालं. साहेबाचं क्रियापद झालं. फ्रेंच, जर्मन, रशियन, डच, जपानी, सगळ्यांनी तो उचलला. गरिबांना उच्चारता यावा म्हणून घडवलेला शब्द, म्हणून तो चालला. विद्वानांच्या शब्दाला पाय नव्हते.

त्या विद्वानी शब्दाचाही एक तुकडा बघा. ‘ऑस्ट्रसाइझ’ आला ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’वरून. ऑस्ट्राकॉन म्हणजे खापर. फुटक्या मडक्याचा तुकडा. अथेन्समध्ये लोक खापरावर एकेका पुढाऱ्याचं नाव कोरायचे, ज्याची खापरं जास्त निघतील त्यानं दहा वर्षं शहराबाहेर जायचं. मालमत्ता जप्त नाही, दहा वर्षांनी परत यायला मोकळा. म्हणजे त्यांच्याकडं जो फार मोठा झाला त्याला बाहेर काढायचं खापर होतं. आपल्याकडंही मडकं होतं. पेशवाईत आपल्या माणसाच्या गळ्यात बांधलेलं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. अथेन्सचं खापर दहा वर्षांचं. आपलं मडकं जन्माचं.

आणि आपला मराठी शब्द? बहिष्कार. बहिस् म्हणजे बाहेर, कार म्हणजे करणं. बाहेर करणं. इंग्रजी शब्दात एक माणूस आहे, त्याचा बंगला आहे, तारीख आहे. आपल्या शब्दात माणूस नाही, तारीख नाही. फक्त ‘बाहेर’ आहे. कुणाच्या बाहेर, हे सांगायची गरजच वाटली नाही, इतकं ते सगळ्यांना ठाऊक. माझी आजी बहिष्कार हा शब्द कधी वापरत नव्हती. ती म्हणायची, ‘गावानं तोंड फिरवलं’. कुणी वाळीत टाकलं म्हणतं, कुणी बलुतं बंद केलं म्हणतं. बर्फाच्या देशात बर्फाला पुष्कळ शब्द असावेत तसे आपल्या देशात याला आहेत.

बाबासाहेबांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. ‘अस्पृश्य’ शब्द का नाही घेतला? मला वाटतं ते असं. अस्पृश्य म्हटलं की दोष अंगात आहे असं ऐकू येतं, जणू कातडीलाच काही झालंय. बहिष्कृत म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न पडतो, कुणी केलं? शब्दात करणारा लपलेला आहे, तो ओढून बाहेर काढता येतो.

आता तुमच्यापैकी कुणी हुशार विचारेल, जो आधीच बाहेर आहे त्याच्यावर बहिष्कार कसा टाकणार? बाहेरच्याला आणखी बाहेर कुठं ढकलणार? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर त्यातच आहे. आपण राहायला बाहेर होतो, राबायला आत होतो. घर गावकुसाबाहेर, घाम गावात. मेलेलं ढोर ओढायला आत, सांगावा घेऊन पळायला आत, खळ्यावर राखण करायला आत. भाकरी मागायच्या वेळेला दाराबाहेर. म्हणून गाव जेव्हा बहिष्कार टाकायचं तेव्हा ते आपल्याला हाकलत नव्हतं, हाकललं तर राबणार कोण? ते भाकरी, वाट आणि मीठ बंद करायचं. उपाशी ठेवून परत त्याच जागेवर उभं करायचं.

हे मी मनचं सांगत नाही. १९२८ साली मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली होती. ओ. एच. बी. स्टार्ट अध्यक्ष, सदस्यांत बाबासाहेब. १९३० च्या अहवालात या समितीनं लिहून ठेवलंय की दलितांना दाबायला बहिष्काराइतकं परिणामकारक हत्यार दुसरं नाही, उघड मारहाणसुद्धा त्यापुढं फिकी पडते. का? मारहाण केली तर गुन्हा होतो. बहिष्कारात कुणी काही करतच नाही, फक्त ‘करत नाही’. जमीनमालक जमीन कसायला देत नाही. कुणी कामाला बोलवत नाही. वाणी माल देत नाही. वहिवाटीची पायवाट बंद. आणि कारण काय लागायचं? कुणी जानवं घातलं, कुणी जमीन विकत घेतली, कुणी बरे कपडे, दागिने घातले, कुणी नवरदेव घोड्यावर बसवला. ही यादी १९३० ची आहे. यातला घोडा अजून पेपरात येतो, तुम्ही वाचता.

आता आयर्लंड आणि हे गाव शेजारी ठेवा. तिथं कुळांनी साहेबाचं काम बंद केलं. इथं साहेबांनी कुळाचं काम बंद केलं. तिथं पीक सडलं. इथं पोट सडलं. तिथं ज्याच्यावर बॉयकॉट पडला त्याच्या मदतीला हजार शिपाई आले. इथं ज्याच्यावर पडतो त्याच्याकडं एक हवालदार येतो आणि म्हणतो, ‘आपसांत मिटवा’. शब्द एक, तोंड उलटं. म्हणून मला कुणी विचारलं की तू बॉयकॉटच्या बाजूचा की विरुद्ध, तर मी विचारतो, उपाशी कोण राहणार आहे ते आधी सांग.

लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि बहिष्कार होता. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बॉयकॉट पुकारला गेला आणि पुण्यामुंबईत त्याची लाट आली. मँचेस्टरच्या धोतरावर बहिष्कार टाकणाऱ्या या मंडळींच्या घरामागच्या विहिरीवर आमचा बहिष्कार आधीपासून चालू होता. त्याला लाट लागत नव्हती, सभा लागत नव्हती.

बाबासाहेबांनी मात्र या शब्दाचं जे केलं ते कुणी केलं नव्हतं. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक समितीपुढं संरक्षणाची मागणी मांडली, त्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवा असं कलम होतं. व्याख्या कुठून आणली? ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून, थोडे बदल करून. तो कायदा इंग्रजांनी केला होता तिथल्या राष्ट्रवाद्यांना चेपायला. म्हणजे राज्यकर्त्यांनी स्वतःच्या हितासाठी केलेलं हत्यार बाबासाहेबांनी त्यांच्याच कपाटातून काढलं आणि म्हणाले, हे आम्हाला द्या, खरी गरज आम्हाला आहे.

त्या मसुद्यात दोन जागा अशा आहेत की वाचताना माणूस उठून बसतो. एक, एकट्या माणसानं दुसऱ्याशी व्यवहार केला नाही तर तो गुन्हा नाही. संगनमत पाहिजे, कट पाहिजे. दोन, खऱ्याखुऱ्या कामगार तंट्यात जे केलं जाईल ते बहिष्कार नव्हे. बघा, काय बारकाई! गावाचा बहिष्कार गुन्हा, पण मजुरांचा संप मोकळा. आयर्लंडच्या कुळांचा बॉयकॉट वाचवला आणि पाटलाचा बॉयकॉट पकडला. एकाच शब्दाच्या दोन तोंडांमध्ये त्यांनी कायद्याची रेघ मारली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी सामाजिक बहिष्काराविरुद्धचं संरक्षण पुन्हा मागितलं. घटनेच्या १७ व्या कलमात अस्पृश्यता गेली, बहिष्कार हा शब्द तिथं आला नाही. तो १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात आला.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमधल्या सीटवरून उठली नाही, ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसवर बॉयकॉट टाकला, ३८१ दिवस पायी चालले. त्या शहरात बसचे बहुसंख्य उतारू काळेच होते, म्हणून बस रिकाम्या पळाल्या. ती कुळांची गोष्ट पुन्हा घडली. पण दोन गोष्टी सहसा सांगत नाहीत. एक, सरकारनं १९२१ चा एक बॉयकॉटविरोधी कायदा काढून चळवळीतल्या सुमारे ९० जणांवर खटले भरले आणि मार्टिन ल्यूथर किंगला ५०० डॉलर दंड ठोठावला. म्हणजे बॉयकॉटविरोधी कायदासुद्धा दुतोंडीच. आणि दुसरी. किंगला स्वतःलाच ‘बॉयकॉट’ शब्दाची शंका आली होती. १९५८ च्या पुस्तकात त्यानं हे लिहिलंय. कारण त्या वेळी गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिली नेमकं हेच करत होत्या. हक्क मागणाऱ्या काळ्याची नोकरी काढायची, कर्ज परत मागायचं, दुकानातून माल बंद करायचा. मग आपण आणि ते सारखेच का, असं त्यानं स्वतःला विचारलं. आणि ठरवलं की आपण कुणाचं पोट मारत नाही, दुष्ट व्यवस्थेला दिलेला आपला हात काढून घेतोय. त्यानं त्याला असहकार म्हटलं. मला किंगचं सगळंच पटतं असं नाही, पण हा प्रश्न त्यानं विचारला, ही गोष्ट मोठी आहे.

हात काढून घेणं. आपल्याकडं ही परंपरा आयर्लंडच्या तोंडाकडं न बघता आहे. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. मग गावोगाव आपल्या लोकांनी ढोरं ओढणं बंद केलं, महारकी नाकारली. आणि गावानं काय केलं? उलटा बहिष्कार टाकला. दोन बहिष्कार समोरासमोर. एक म्हणतो, मी तुझी घाण उचलणार नाही. दुसरा म्हणतो, मग तुला मीठ मिळणार नाही. १९७४ च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर दलित पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड टाकला त्यात भागवत जाधव गेला. काँग्रेसची जागा गेली. मत न देण्याची किंमत दगडानं वसूल केली गेली. आणि २०१६ साली, गुजरातमध्ये उनाला चामडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेल्या गाई कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकल्या. तुमची माता, तुम्ही उचला. फादर ओमॅली असता तर त्यानं या कृतीला काय नाव दिलं असतं कोण जाणे.

एक कडू गोष्ट बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. बॉयकॉट आपल्यातही आहे. आंतरजातीय लग्न केलं म्हणून वाळीत टाकणाऱ्या जातपंचायती फक्त वरच्यांच्या आहेत काय? भटक्यांच्या आहेत, आपल्या आहेत. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तो या पंचायतींचे बळी पुढं आले म्हणून. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पार्नेलनं फितूर कुळाला महारोगी केलं होतं, तसं आपणही संघटनेत मतभेद झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोंड फिरवतो. गावाकडून शिकलो ना आपण ते!

आता कामाचं. २०१६ च्या २६ जानेवारीपासून अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा सरळ गुन्हा आहे, कलम ३(१) मध्ये, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. आता प्राथमिक चौकशीच्या नावाखाली एफआयआर लांबवता येत नाही. पण ठाण्यात काय होतं? तुम्ही सांगता बहिष्कार, हवालदार लिहितो ‘किरकोळ वादातून संबंध बिघडले’. शब्द बदलला की गुन्हा गेला. म्हणून सुट्टीत गावाकडं जाल तेव्हा, किंवा गावाकडून फोन येईल तेव्हा, नुसता ‘बहिष्कार टाकला’ असं बोलू नका. कुणी दळण नाकारलं, कोणत्या तारखेला, त्या वेळी गिरणीत कोण कोण होतं. दुकानदार काय म्हणाला, त्याचे शब्द जसेच्या तसे. कोणती वाट अडवली. मजुरी कुणी बंद केली, आधी किती दिवस काम होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आदल्या रात्री बैठक कुठं झाली, देवळात की पारावर, कोण बोललं, दवंडी दिली असेल तर कुणी दिली. व्हॉट्सअॅपवर ठरलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा. संगनमत तिथं सापडतं. आधीचा जमिनीचा किंवा कसलाही तंटा असेल तर तोही सांगा, लपवू नका. त्या तंट्यातून घोळक्यानं हे केलं असं सिद्ध झालं तर सगळ्यांचा उद्देश एकच होता असं कोर्टानं धरून चालायचं, असं याच कायद्याचं आठवं कलम म्हणतं.

आणि तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर ते सांगणाऱ्याला वाचून दाखवणं हे त्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. कलम चार. वाचून दाखवल्याशिवाय आईला अंगठा उठवू देऊ नका. वाचताना कान एका शब्दाकडं ठेवा. ‘बहिष्कार’ लिहिलाय की ‘वाद’ लिहिलाय.

चहा आलाय. काय विचारायचं असेल ते विचारा.